योगाची कोणती शैली निवडावी? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

योग शिकायचं मनावर घेतलं, की पहिल्याच दिवशी नावांचा भडिमार होतो. हठयोग, अय्यंगार, अष्टांग विन्यास, शिवानंद, पॉवर योग, हॉट योग, यिन, योगनिद्रा. सगळ्या वर्गांच्या माहितीत मजकूर मात्र सारखाच: लवचिकता वाढते, ताण कमी होतो, झोप सुधारते. मग निवडायचं कशावरून? यातल्या बऱ्याच पद्धती मी स्वतः शिकले आहे, आणि नवीन येणारे कुठे अडतात ते वर्गात सतत बघते. शैलीचं नाव बाजूला ठेवून आधी आपलं आजचं शरीर आणि आपला श्वास बघितला, तर निवड बरीच सोपी होते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी स्वतःची नोंद काढा

वर्ग शोधायच्या आधी एका कागदावर स्वतःबद्दल लिहून काढा. वय, दिवसभर बसून काम की उभं राहून, जुनी दुखणी, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं, झोप कशी लागते, आणि योग नेमका कशासाठी हवा आहे. शेवटचा मुद्दा एका वाक्यात लिहा. ‘फिट व्हायचंय’ असं मोघम नको. ‘खुर्चीवरून उठताना कंबर धरते’ किंवा ‘रात्री विचार थांबत नाहीत’ असं नेमकं हवं.

काही तक्रारी असतील तर कुठल्याही शैलीत काही आसनं टाळावी लागतात. हे शिक्षकांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा:

– उच्च रक्तदाब: शीर्षासनासारखी उलटी आसनं, श्वास रोखून धरणं आणि जोरकस भस्त्रिका (भात्यासारखा वेगाने श्वास घेणं-सोडणं) टाळायची.
– काचबिंदू: डोकं हृदयाच्या खाली जाणारी आसनं नकोत. शीर्षासनात डोळ्यांतला दाब खूप वाढतो. अधोमुख श्वानासनातही (हात-पाय जमिनीला टेकवून कंबर वर उचलण्याचं आसन) तो वाढतो, आणि नेमकं हे आसन बहुतेक वर्गांत येतंच.
– मानेचा स्पॉन्डिलोसिस: शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बाजूला ठेवा.
– सरकलेली चकती किंवा सायटिका: पश्चिमोत्तानासनासारखं पाठ गोल करून पुढे वाकणं धोक्याचं ठरू शकतं.
– हाडांची ठिसूळता: जोर लावून पुढे वाकणं आणि मणक्याला पीळ देणं टाळा, मणक्याला बारीक फ्रॅक्चर होण्याची भीती असते.
– हर्निया किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: कपालभाती (पोटाला झटके देत जोराने श्वास सोडणं), नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) आणि पोटावर दाब देणारी आसनं बंद.
– गर्भारपण: फक्त गर्भवतींसाठीचा वेगळा वर्ग, तोही डॉक्टरांना विचारून.

वर्गात जाताना सोबत ठेवायची कागदपत्रं थोडीच आहेत: रक्तदाब आणि साखरेचे अलीकडचे आकडे, पाठ-मान-गुडघ्याचा एक्स-रे किंवा एमआरआय झाला असेल तर त्याचा अहवाल, औषधांची यादी, आणि काही आजार असेल तर ‘व्यायामाला हरकत नाही, अमुक टाळावं’ असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र. ‘योगा करू का?’ असं विचारलं तर डॉक्टर ‘करा’ म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी ‘डोकं खाली करू का? पुढे किती वाकू? श्वास रोखू का?’ असे तीन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं खरंच उपयोगी पडतात.

२. या शैली आल्या कुठून, हे थोडक्यात समजून घ्या

इतिहास पाठ करायची गरज नाही, पण दोन प्रवाह कळले की निम्मी नावं जागेवर बसतात.

पहिला प्रवाह म्हैसूरचा. १९३०च्या दशकात तिथल्या राजवाड्यातल्या योगशाळेत टी. कृष्णमाचार्य शिकवत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि त्यांनी बिनचूक मांडणी आणि साधनांच्या आधारावर उभी राहिलेली पद्धत घडवली. दुसरे शिष्य पट्टाभि जोइस म्हैसुरातच राहिले, त्यांची पद्धत म्हणजे अष्टांग विन्यास. कृष्णमाचार्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देसिकाचार यांनी व्यक्तीनुसार आसन बदलण्यावर भर दिला. गुरू एक, पण तिघांच्या वर्गात गेलात तर तीन वेगळे विषय शिकतोय असं वाटेल.

दुसरा प्रवाह ऋषिकेशचा, स्वामी शिवानंदांचा. त्यांच्या शिष्यांपैकी विष्णुदेवानंदांनी बारा मूळ आसनांचा क्रम जगभर नेला, तर सत्यानंदांनी मुंगेरला बिहार योग विद्यालय काढलं आणि योगनिद्रेची आज प्रचलित असलेली पद्धत बसवली.

यांच्या शेजारी महाराष्ट्रातलं काम आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार केला. आपल्याकडचे साधे हठयोगाचे वर्ग, जिथे ‘दंडस्थिती’, ‘बैठकस्थिती’, ‘शयनस्थिती’, ‘विपरीत शयनस्थिती’ (म्हणजे उभं, बसलेलं, उताणं, पालथं) असे शब्द कानावर पडतात, तिथे अशा अनेकांच्या कामाचा मिलाफ दिसतो.

एक सावधगिरी: जाहिरातीत ‘अष्टांग योग’ असं लिहिलेलं असेल तर कोणता ते विचारून घ्या. पतंजलींची यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगं शिकवणारा वर्ग वेगळा आणि घाम काढणारा अष्टांग विन्यासाचा वर्ग वेगळा. शांत बसायच्या अपेक्षेने गेलेले लोक चतुरंग दंडासनात (कोपर वाकवून, दंड काढताना धरतो तसं अंग जमिनीलगत धरण्याचं आसन) अडकलेले मी पाहिले आहेत.

३. एकच आसन घेऊन फरक बघा

शैलीतला फरक वर्णन वाचून कळत नाही. त्रिकोणासन घ्या, ते जवळपास सगळीकडे शिकवतात.

अय्यंगार वर्गात पायांत तीन-साडेतीन फूट अंतर घ्यायला लावतील. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत. खाली वाकण्याआधीच शिक्षक तुमच्या मागच्या पायाची टाच बघतील, गुडघ्याची वाटी वर खेचली आहे का ते बघतील. हात जमिनीला टेकत नसेल तर त्याखाली लाकडी वीट येईल. मग अर्धा ते एक मिनिट तिथेच राहायचं, आणि तेवढ्यात ‘उजवा नितंब आत घ्या, छाती छताकडे वळवा’ अशा सूचना चालू. आसनातून बाहेर याल तेव्हा मांड्या थरथरत असतील, पण धाप लागलेली नसेल.

तेच त्रिकोणासन अष्टांग विन्यासात पाच श्वासांचं. पायाचा अंगठा बोटांनी पकडायचा, नजर वरच्या हाताच्या अंगठ्यावर, घशातून हलका आवाज करणारा उज्जायी श्वास, की लगेच दुसरी बाजू आणि पुढचं आसन. क्रम ठरलेला, रोज तोच.

विन्यास फ्लोमध्ये ते दोन आसनांच्या मधलं एक वळण असतं. वीरभद्रासनातून आत या, एक-दोन श्वास घ्या, अर्धचंद्रासनात निघून जा. पारंपरिक हठयोगाच्या वर्गात हळू जायचं, स्थिर राहायचं, डोळे मिटून ताण कुठे बसतोय ते बघायचं, सावकाश परत यायचं आणि मग थोडी विश्रांती. यिन आणि रिस्टोरेटिव्ह वर्गांत त्रिकोणासन नसतंच, तिथे सगळं जमिनीवर.

कुठल्या वर्णनाशी तुमच्या शरीराने ‘हे जमेल’ म्हटलं ते लक्षात ठेवा. वर्ग शोधताना हीच जाणीव उपयोगी पडते.

४. कोणती शैली काय देते

पारंपरिक हठयोग आणि शिवानंद पद्धत. पहिल्यांदाच येणाऱ्या बहुतेकांना मी इथून सुरुवात करायला सांगते. वेग कमी असतो, आसनांच्या मध्ये शवासनाची विश्रांती मिळते आणि प्राणायाम पहिल्यापासून सोबत असतो. सांध्यांची हालचाल मोकळी होते, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना काम मिळतं. मनाच्या बाजूने मोठा फायदा हा, की ताण देणं आणि सोडणं यातला फरक कळायला लागतो. खांदे दिवसभर कानाकडे उचललेले असतात, हे कित्येकांना या वर्गातच पहिल्यांदा समजतं.

अय्यंगार. पाठ, मान, गुडघे यांच्या जुन्या तक्रारी, वाढलेलं वय, आखडलेलं शरीर यांसाठी ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे असं माझं मत आहे. पट्टा, वीट, लोड, घड्या घातलेली ब्लँकेट, खुर्ची, भिंतीवरचे दोर यांमुळे आखडलेलं शरीरही आसनाच्या योग्य आकारात पोहोचतं. एक उदाहरण बघा. सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटच्या घड्या ठेवतात, त्यामुळे खांदे उंचावर येतात, डोकं खालच्या पातळीवर राहतं आणि मानेवरचा दाब कमी होतो. इतर अनेक वर्गांत हेच आसन सपाट जमिनीवर करून घेतात आणि मान दुखावते. मनाला इथे एकाग्रता मिळते. टाचेपासून बोटांपर्यंत इतक्या सूचना पाळायच्या असतात की बाकीचे विचार आपोआप मागे पडतात. काहींना सततच्या सूचनांचा जाच वाटतो. तसं वाटलं तर ही शैली तुमची नाही, एवढंच.

अष्टांग विन्यास. ताकद, दम आणि शिस्त यासाठी. सूर्यनमस्काराच्या दोन प्रकारांनी सुरुवात, मग उभ्याची आसनं, मग बसून करायची मालिका, शेवटी उलटी आसनं. पहिली पूर्ण मालिका करायला साधारण दीड तास लागतो. क्रम पाठ झाला की पुढे काय करायचं हा विचारच उरत नाही आणि श्वासाच्या मोजणीत मन स्थिरावतं. ज्यांना डोळे मिटून बसवत नाही, बसलं की जास्तच अस्वस्थ वाटतं, अशांना ही हालचालीची पद्धत कित्येकदा जास्त मानवते. आधी शरीर दमतं, मग शवासन खरं लागतं.

यात दोन दुखापती नेहमी दिसतात. एक खांदा आणि मनगट, चतुरंग दंडासनात अंग धपकन खाली सोडल्यामुळे. ताकद येईपर्यंत गुडघे टेकवून करा. दुसरी बैठकीच्या हाडाजवळ, मांडीच्या मागच्या स्नायूच्या मुळाशी. पुढे वाकण्याची घाई केली की तिथे बारीक दुखणं सुरू होतं आणि ते महिनोन् महिने जात नाही. ‘म्हैसूर पद्धती’चा वर्ग मिळाला तर तो घ्या. तिथे प्रत्येकाला त्याच्या कुवतीनुसार थोडा थोडा क्रम शिकवतात, सगळ्यांना एका दमात पळवत नाहीत.

विन्यास फ्लो आणि पॉवर योग. अष्टांगातून निघालेल्या मोकळ्या शैली. दर वर्गाला क्रम बदलतो, त्यामुळे कंटाळा येत नाही. पण नवख्या माणसाला एखादं आसन नीट शिकायची संधीही मिळत नाही. आधी मूळ आसनं शिकून मग इथे या.

हॉट योग. तापवलेल्या खोलीत, काही ठिकाणी तापमान चाळीस अंशांच्या आसपास. उष्णतेने अंग सैल पडतं आणि त्यामुळे आपल्या मर्यादेपलीकडे ताणलं जाणं सोपं होतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गर्भारपण, चक्कर येण्याची सवय असेल तर जाऊच नका. सुरुवातीसाठी मी हा वर्ग कुणालाच सुचवत नाही.

यिन. एकेका स्थितीत तीन ते पाच मिनिटं, स्नायू सैल सोडून. नितंब, मांड्या, कंबरेच्या खालच्या भागात खोल ताण बसतो. व्यायाम भरपूर करणाऱ्यांना पूरक म्हणून उत्तम. ज्यांचे सांधे मुळातच फार सैल आहेत त्यांनी जपून.

रिस्टोरेटिव्ह. लोड-ब्लँकेटांच्या आधारावर शरीर पूर्ण टेकवून पडायचं, ताण अजिबात नाही. आजारातून उठलेल्यांना, फार थकलेल्यांना हाच योग.

योगनिद्रा. यात शरीर काहीच करत नाही, म्हणून लोक तिला आराम समजतात. प्रत्यक्षात क्रम अगदी बांधीव असतो. शवासनात पडायचं, मनात एक छोटा संकल्प करायचा. मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून तर्जनी, मधलं बोट असं करत सगळ्या शरीरावरून लक्ष फिरवायचं. नंतर श्वास उलटे मोजायचे. मग जडपणा आणि हलकेपणा, गारवा आणि उष्णता अशा विरुद्ध जाणिवा एकामागून एक आणायच्या, पुढे काही प्रतिमा, आणि शेवटी परत संकल्प. वीस ते चाळीस मिनिटं लागतात. सुरुवातीला मध्येच झोप लागते, घोरणंही ऐकू येतं. त्याची लाज वाटून घेऊ नका, शरीराला ती झोप हवी असते. झोपेचा किंवा सततच्या काळजीचा त्रास असेल तर आसनांच्या वर्गासोबत ही जरूर जोडा.

फायद्यांबद्दल अपेक्षा नेमक्या ठेवा. जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो हे आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांआधी करून बघायच्या उपायांत योगाचा समावेश आहे. मनावरचा ताण, झोप, तोल सांभाळणं यातही फरक पडतो. वजनाबाबत मात्र संथ वर्गांकडून चमत्कार मागू नका. आणि कुठल्याही आजाराचं औषध योग सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नका.

५. शिक्षक पारखून घ्या

शैली चुकली तर बदलता येते; वाईट शिक्षक मात्र दुखापत देऊन जातो. पैसे भरण्याआधी एक वर्ग नुसता बसून बघण्याची परवानगी मागा. नकार मिळाला तर पुढे जा. बघताना एवढं तपासा: शिक्षक नवीन माणसाला दुखण्यांबद्दल विचारतात का? ज्याला जमत नाही त्याला सोपा पर्याय देतात का? वर्गभर फिरतात, की पुढे उभं राहून स्वतःचाच सराव करतात? शेवटचं शवासन किमान पाच मिनिटं देतात, की दोन मिनिटांत उरकतात?

पाठीवर बसून किंवा पाय ओढून आसन ‘पूर्ण’ करून देणाऱ्या शिक्षकांपासून लांब राहा. हात लावण्याआधी विचारलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

वर्ग शक्यच नसेल तर आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी तयार केलेला ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम घ्या. त्यात पूरक हालचालींपासून उभ्याची, बसून, पोटावर आणि पाठीवर झोपून करायची आसनं, प्राणायाम आणि ध्यान सगळं बेताने आहे. निदान महिनाभर तरी कुणाकडून तरी समोर बसून शिका, असाच माझा आग्रह राहील.

६. साहित्य

घसरणार नाही अशी मॅट, चार ते सहा मिलिमीटर जाडीची. फार मऊ असली तर उभ्या आसनांत तोल जातो. घडी घालता येईल असं जाड ब्लँकेट, एक पट्टा, दोन विटा, एक मोकळी भिंत आणि न घसरणारी खुर्ची. सैल पण अंगाबरोबर हलणारे कपडे. बाकी काही विकत घ्यायची घाई नको.

पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास, हलक्या खाण्यानंतर साधारण दोन तास जाऊ द्या.

७. पहिले तीन महिने एकाच शैलीला द्या

दर आठवड्याला नवा वर्ग चाखत फिरलात तर शरीराला काहीच सवय लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस घरी पंधरा-वीस मिनिटं, एवढं पुरे. घरच्या सरावात तीन गोष्टी ठेवा: सांध्यांच्या पूरक हालचाली, वर्गात नीट जमलेली तीन-चार आसनं आणि शवासन. न जमलेलं आसन घरी एकट्याने पुरं करायच्या मागे लागू नका.

पद्मासनाचा हट्ट तर मुळीच नको. पद्मासनात मांडी खुब्यातून फिरावी लागते. खुबा आखडलेला असताना पाय हाताने ओढून वर चढवला, की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. साधी मांडी घालून, बुडाखाली ब्लँकेटची घडी घेऊन बसा. तेही जमत नसेल तर खुर्ची. प्राणायामाला ताठ पाठ लागते, पाय कसे ठेवले आहेत याने काही बिघडत नाही.

८. श्वासाला घाई करू नका

अनेकजण सुरुवातच जोरजोरात कपालभातीने करतात. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती षट्क्रियांमध्ये, म्हणजे शुद्धिक्रियांमध्ये, येते. नवख्याने तिथून सुरू करायचं कारण नाही. आधी नुसता श्वास लांबवायला शिका. विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. सरावाने तो सहाच्या आसपास आणता आला तर मन शांत व्हायला मोठी मदत होते. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, मध्ये रोखू नका. पाच मिनिटं झाली की थांबा. अनुलोम-विलोम, भ्रामरी यानंतर, आणि श्वास रोखणं शिक्षकांनी समोर बसून शिकवल्याशिवाय नाही.

आसनातही हीच कसोटी. श्वास अडखळला, तोंडाने घ्यावा लागला किंवा नकळत रोखला गेला, तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा पुढे गेला आहात. थोडं मागे या.

९. दुखणं कोणतं, ते ओळखा

स्नायूच्या मध्यभागी पसरट ताण बसणं, दुसऱ्या दिवशी अंग आंबणं हे चालायचंच, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणं, वीज गेल्यासारखी कळ, हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, छातीत दडपण यांपैकी काहीही झालं तर आसन तिथेच सोडा, शांत पडून राहा आणि शिक्षकांना सांगा. छातीतलं दडपण असेल तर वर्ग संपायची वाट न बघता ताबडतोब डॉक्टरांकडे जा. मुंग्या किंवा बधिरपणा परत परत येत असेल तर तपासून घेईपर्यंत सराव बंद ठेवा.

मनाचंही लक्ष ठेवा. लांब शवासनात किंवा योगनिद्रेत काहींना अचानक रडू येतं किंवा धडधडतं. डोळे उघडा, कुशीवर वळा, उठून बसा, आजूबाजूला बघा. नैराश्य किंवा जुन्या आघाताचा त्रास असेल तर डोळे उघडे ठेवून करायच्या, हालचाल असलेल्या सरावापासून सुरुवात करा, आणि आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना योग सुरू केल्याचं सांगून ठेवा.

तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. ‘कशासाठी’ म्हणून लिहिलेल्या त्या वाक्यात फरक पडला असेल तर त्याच शैलीत पुढचा टप्पा शिकायला घ्या. काहीच फरक नसेल तर आधी सराव नियमित झाला का ते तपासा. झाला असेल, तर शिक्षकांशी बोलून शैली बदला.